रात्रपाळीचं जातं

दुपारी 3

कॉलशीटवर माझी वेळ चारची आहे. मी तीनलाच येते, कारण चारला जनरेटर येतो आणि त्या गाडीने एकदा जागा धरली की ती कुणाच्या बापाला हलत नाही. वाईजवळचा दुचौकी वाडा, कृष्णा हाकेच्या अंतरावर. मराठी भयपट. आजच्या रात्रीत एकच प्रसंग उरकायचाय: सुनेला मध्यरात्री जाग येते, माजघरातून जातं फिरल्याचा आवाज येतोय, ती कंदील घेऊन बघायला जाते. जात्याजवळ कुणी नाही, भोवती ताजं पीठ. पटकथेत पाऊण पान, पडद्यावर फार तर चार मिनिटं.

मी साउंड रेकॉर्डिस्ट, सिंक साउंडवाली. सेटवर नट बोलतात, चालतात, धापा टाकतात, ते तिथल्या तिथे पकडायचं. हिंदीत ही पद्धत 'लगान'नंतर (2001) पुन्हा रुळली. त्याआधी कित्येक दशकं आवाज मागाहून स्टुडिओत भरला जायचा. भयपटात या फरकाची किंमत सगळ्यांत जास्त, असं माझं मत आहे. घाबरून अडकलेला श्वास डबिंगच्या एसी खोलीत उभं राहून दुसऱ्यांदा अडकवता येत नाही.

रिकाम्या वाड्यातून मी टाळ्या वाजवत फिरते. राखणदार बघत राहतो, विचारत काही नाही. चौकात फरसबंदी आहे, टाळी खणखणीत परत येते. ओटीच्या लाकडावर ती पोकळ होते. माजघर सारवलेलं, तुळया हाताला लागतील इतक्या खाली, तिथे टाळी जागच्या जागी मरते. सून अनवाणी आहे. चौकात तिची पावलं ऐकू येणार, उंबरठा ओलांडला की येणार नाहीत.

'द शायनिंग'मध्ये (1980) लहान मुलगा हॉटेलच्या रिकाम्या मजल्यावर तीनचाकी फिरवतो आणि गॅरेट ब्राउनचा स्टेडीकॅम जमिनीलगत त्याच्या मागे जातो. चाकं लाकडी फरशीवर घरघरतात, गालिचावर आली की गप्प, पुन्हा फरशी, पुन्हा घरघर. भीतीदायक असं त्यात काही घडत नाही. तरी दोन-तीन वळणांत आपण पुढच्या फरशीची वाट बघत बसलेलो असतो आणि आपला ताबा गेलेला असतो. दिग्दर्शकाला मी सांगून ठेवलंय की उंबरठ्याच्या आधी तिला चार पावलं तरी मोकळी चालू दे. पावलं ऐकायची सवय लागली, तर ती गेल्याचं कळेल.

4

जनरेटर आला. लाइटच्या मुकादमांना तो वाड्याच्या दाराशी हवाय.

"दादा, गोठ्याच्या पलीकडे न्या ना."

"ताई, केबल कुठून आणू? आधीच सगळी काढलीय."

"मग निदान मध्ये भिंत येऊ द्या."

अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. भिंत आडवी आली तर अजून. पण डिझेल इंजिनाची खालची घुमघुम भिंतींना फारशी जुमानत नाही, ती जमिनीतून येते. गंमत अशी की हीच घुमघुम पुढे मिक्सिंगला पैसे मोजून परत आणतात. माणसाचा कान खाली 20 हर्ट्झपर्यंत ऐकतो. त्या काठावरचा सूर थिएटरात सोडला की ऐकू आल्यासारखं वाटत नाही, पण छातीत काहीतरी बसतं. 'इरिव्हर्सिबल' (2002) या फ्रेंच चित्रपटात सुरुवातीच्या बऱ्याच भागाखाली असा सूर मुद्दाम ठेवला होता. मला तो प्रकार थोडा लबाडीचा वाटतो. पोट ढवळलं म्हणजे भीती वाटली असं नाही.

गोठ्याच्या भिंतीमागे तडजोड होते.

5:30

कॅमेरामन आणि दिग्दर्शक माजघरात उकिडवे बसून फोनवर 'हॅलोविन' (1978) बघतायत. एकच शॉट पुन्हा पुन्हा: मुलगी भिंतीला टेकलीय, शेजारचं दार नुसतं काळं, आणि त्या काळ्यातून पांढरा मुखवटा उमटत येतो. कॅमेरामन डीन कंडीने तिथे एक छोटा दिवा डिमरवर ठेवून अगदी सावकाश वर नेला होता. मारेकरी दारात येत नाही. तो कधीचा तिथेच उभा असतो, आपल्याला आत्ता दिसतो, एवढंच. आमच्याकडे मुखवटाही नाही. दारातल्या काळोखात जुनेराच्या काठाची एक रेघ यायचीय, आणि पाहणाऱ्याने शेजाऱ्याला "तुला दिसलं का?" असं विचारावं इतपतच.

त्यासाठी दिवे लावण्यापेक्षा कापण्याचं काम जास्त आहे. परांचीवर एचएमआय चढवलाय, पुढे स्किमर ताणलाय, तो चौकातला चंद्र. त्याचा रंग 5600 केल्विनचा, निळसर. कंदिलाच्या ज्योतीचा 1900च्या आसपास, नारिंगी. कॅमेरा मध्ये 3200वर ठेवला की निळं जास्त निळं होतं, नारिंगी जास्त नारिंगी, आणि बाईचा चेहरा त्या दोघांच्या कात्रीत सापडतो. शटर 172.8 अंशांवर, कारण आपली वीज 50 हर्ट्झची आणि सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा. 180वर ठेवलं तर काही दिवे पडद्यावर फडफडतात. इतकं झाल्यावर भांडण सुरू होतं ते भिंतींशी. वाड्याच्या भिंती चुन्याने पांढऱ्या. कंदील आत आला की त्या उजेड परत फेकतात आणि काळोखाचं राखाडी पाणी होतं. मग सेटिंगवाले शिडीवर चढतात, फ्रेमबाहेरच्या प्रत्येक भिंतीवर काळा कपडा, प्रत्येक फटीपुढे कटर.

हल्ली प्रत्येक निर्मात्याला 'तुंबाडसारखं' हवं असतं. पंकज कुमारचा कॅमेरा आणि कुणाल शर्माचं साउंड डिझाइन, दोघांनाही त्या चित्रपटासाठी फिल्मफेअर मिळालं, म्हणजे मागणी चुकीची नाही. फक्त त्याचं चित्रीकरण 2012ला सुरू झालं होतं, 2015मध्ये पुन्हा केलं गेलं, आणि प्रदर्शन 2018चं. आम्हाला हा वाडा सोमवारी रिकामा करून द्यायचाय.

6:30

कार्तिक सुरू आहे, अंधार लवकर पडतो. युनिट चहाला गेलं की मी परसात एक स्टँड रोवते आणि रातकिडे भरून घेते. हे काम मी कुणावर सोपवत नाही.

रातकिड्याचा वेग हवेच्या उष्णतेवर चालतो. गार पडत जाईल तसा तो मंदावतो. म्हणजे आत्ता घेतलेला शॉट आणि पहाटे तीनला घेतलेला शॉट एडिटरने शेजारी शेजारी लावले, तर रात्र अचानक दमल्यासारखी ऐकू येते. म्हणून दर दोन तासांनी नवं रेकॉर्डिंग, त्यावर वेळ आणि तापमान.

दुसरी गोष्ट, जी गावातल्या कुठल्याही माणसाला माहीत असते: पाऊल जवळ आलं की जवळचे किडे बंद पडतात. लांबचे चालू राहतात. ऐकणाऱ्याला आधी काहीच कळत नाही, मग जाणवतं की रात्रीला एका बाजूने भोक पडलंय, आणि त्या भोकात कुणीतरी आहे. मी परसाच्या कोपऱ्यात उभी राहते, ते गप्प होतात. बरंच थांबावं लागतं, मग एकजण सुरू करतो. मध्येच नदीवरून टिटवी ओरडत जाते. तीही घेतली. वापरणार नाही कदाचित. मराठी प्रेक्षकाला टिटवी ऐकली की काय होणार ते आधीच कळतं.

8

तालीम. नटीच्या नऊवारीत लेपल लपवायचा म्हणजे कापडाची सळसळ आलीच. छातीवर न लावता केसांच्या अंबाड्यात बसवला. कंदिलात खरी वात आहे आणि काचेमागे एक चिमुकला एलईडी, त्याची वायर मनगटावरून पदरात. एलईडी मंद केला की माझ्या हेडफोनमध्ये डासासारखी बारीक शिट्टी वाजते. पूर्ण उजेडावर शिट्टी जाते, पण मग कॅमेरामन ओरडतो. शेवटी दिवा पूर्ण ठेवून पुढे बटर पेपरचे दोन थर.

बूमचं दुखणं वेगळं. एरवी काळोख म्हणजे बूमवाल्याची चैन, सावली पडत नाही. इथे दिवाच चालतोय. कंदील हातात घेऊन बाई वळली की बूमची सावली छतावरून अशी काही सरकते की भूतच नको. त्यामुळे बूम फक्त चौकापुरता, आणि माजघरात माइक पेरलेले: एक देवळीत, एक खुंटीवरच्या टोपीच्या आत, एक जात्याच्या मागे.

या सगळ्यात एक लॉटरी लागली. कंदिलाची कडी करकरते. आर्टवाला तेल घालायला निघाला होता, त्याला अडवलं. बाई चालते तेव्हा करकर येणार, थांबली की थांबणार. हात थरथरला तर कडी तेही सांगणार, आणि नटीला तोंडावर काही करावं लागणार नाही.

9:45

पहिला शॉट, चौक ओलांडण्याचा. रोल साउंड, रोल कॅमेरा, क्लॅप, शांतता. आणि उसाचा ट्रॅक्टर. कारखान्यांचे बॉयलर पेटलेत, रस्त्याने दोन-दोन ट्रॉल्या जोडून रात्रभर वाहतूक, आणि प्रत्येक ड्रायव्हरच्या डोक्यामागे लग्नात लावतात तसले स्पीकर. कट. प्रॉडक्शनच्या पोराला वळणावर पाठवलं, "काका, एवढा वाडा पार होईपर्यंत बंद ठेवा ना" म्हणायला. काही ऐकतात. एकाने गाणं बंद केलं आणि प्रेमाने हॉर्न वाजवला.

12

जेवण. पिठलं, भाकरी, खर्डा. लाइटचे मुकादम रामसे बंधूंच्या सिनेमांवर वाढलेले. 'पुराना मंदिर' (1984) त्यांना शॉटगणिक पाठ.

"धूर सोडला, खालून हिरवा लाइट मारला, दार वाजलं, पब्लिक खल्लास. तुम्ही इथे काळे कपडे कसले लावत बसलाय?"

मी रामसेंना हसत नाही. हनुवटीखालून आलेला उजेड चेहऱ्याची सगळी ओळख उलटी करतो, कारण जन्मापासून आपण चेहरे वरच्या उजेडात बघितलेले असतात. युक्ती पक्की आहे. फक्त ती सगळं दाखवते. राक्षस दिसला, किंचाळून झालं, पुढे प्रेक्षक त्याचा मेकअप तपासायला लागतो.

दिग्दर्शक वयाने लहान आहे, मला ताई म्हणतो आणि ऐकून घेतो, पण त्याच्या डोक्यात एक 'धाड्' आहे. दारातली रेघ दिसली की ढोलावर जोरदार थाप. मी त्याला 'कॅट पीपल'मधली (1942) रात्रीची वाट सांगितली. एक बाई फुटपाथवरून चाललीय, टाचांचा टकटक आवाज. मागून दुसऱ्या बाईच्या टाचा. दिव्याचा उजेड, मग काळोख, पुन्हा उजेड. आणि ब्रेकचा फुत्कार सोडत बस फ्रेममध्ये घुसते, थिएटर उडतं. लोकांना ती बस लक्षात राहिली, पुढे निर्माता व्हॅल ल्यूटनच्या नावाने असल्या दचक्याला 'ल्यूटन बस' म्हणायला लागले. पण बस येण्याच्या आधी, न सांगता, मागच्या टाचा बंद होतात. आपण घाबरतो ते तिथे. बस फक्त ते वसूल करते.

"म्हणजे धाड् नको?"

"आधी काय थांबवायचं ते ठरव, मग धाड्चं बघू."

तो भाकरी मोडत राहिला.

1:15

रात्रीचा मुख्य शॉट. एकच मास्टर, कट नाही, कॅमेरा तिकाटण्यावर. ट्रॉली आणली होती, ती परत गेली.

बाई फ्रेमच्या डाव्या कडेला, पाठमोरी, जात्याजवळ वाकलेली. उजवीकडे दोन तृतीयांश चौकट म्हणजे दाराचा काळोख. इतकी रिकामी जागा कुणी उगाच ठेवत नाही हे प्रेक्षकाला चांगलं माहीत असतं, म्हणून त्याची नजर बाईवर टिकत नाही, ती दाराकडे ओढली जाते. आणि कॅमेरा वळत नाही. पुढे जात नाही. प्रेक्षकाला मान वळवून खात्री करायची असते आणि त्याची मान आमच्या हातात असते. 'द एक्झॉर्सिस्ट 3'मध्ये (1990) इस्पितळाच्या कॉरिडॉरचा असाच लांबचा, न हलणारा शॉट आहे. नर्स येते, जाते, दार उघडते, लावते, कंटाळा येईस्तोवर. मी तो तंत्र म्हणून पाहायला बसते आणि दर वेळी खुर्चीत मागे सरकते.

उजेडाने तपासायची सोय काढून घेतली, कॅमेऱ्याने वळायची. राहिला कान. तो बंद करता येत नाही, मिटता येत नाही, आणि पडद्याच्या कडेपाशी थांबतही नाही. म्हणून या शॉटमध्ये जात्याचा आवाज बाई आत येते तेव्हाच बंद होतो आणि पुढे फक्त कडीची करकर, तिचा श्वास, बाहेरचे किडे.

टेकमागून टेक. एकदा रेघ फार दिसली, एकदा दिसलीच नाही. डिमरवरचा पोरगा घामाघूम. फोकस पुलरचे हाल कुत्रं खाईना, लेन्स पूर्ण उघडी, बाई बोटभर पुढे झुकली की चेहरा सुटतो. मग एक टेक सुरू असताना मुकादमांचा माणूस परसातून कटर सरळ करायला गेला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की आम्ही रोल झालोय. त्याची पावलं मला ऐकू आली नाहीत. रातकिडे थांबले, हे ऐकू आलं.

नटीलाही आलं. ती संहितेत नाही तिथे थबकली. कडीची करकर अर्ध्यात तुटली, आणि अंबाड्यातल्या माइकवर तिने गिळलेला आवंढा. मी मॉनिटरकडे बघितलं नाही, मीटरकडे बघत होते, काटे जवळजवळ तळाला. मग कॅमेरामनचा आवाज: "कट, फोकस गेला. एनजी."

मी हात वर केला, पण तोवर पुढच्या टेकची तयारी सुरू झाली होती. पुढचा टेक सगळ्यांच्या मते ओके. माझ्या मते ठीक.

3

किंकाळी, क्लोजअपमध्ये. यात मला फार रस नाही, पण काम करून घ्यावं लागतं. कुजबुज आणि किंकाळी एकाच ट्रॅकवर यायची म्हणजे पूर्वी रेकॉर्डिस्टला देव पाण्यात घालून बसावं लागायचं. आता 32 बिट फ्लोटमध्ये फाटलेला आवाज मागाहून खाली आणता येतो. माइकच फाटला तर मात्र इलाज नाही, त्यामुळे बूम दोन हात मागे.

दिग्दर्शकाने विचारलं, शेवटी तिचा घसा खरवडला, अजून एक स्वच्छ घेऊया का? नको म्हटलं. डॅनियल ब्लूमस्टाइन नावाच्या कॅलिफोर्नियातल्या जीवशास्त्रज्ञाने मार्मोट या प्राण्यांच्या पिल्लांच्या किंकाळ्या अभ्यासल्या आणि मग सिनेमाचे साउंडट्रॅक तपासले. गळ्यावर ताण आला की आवाज तुटतो, खरखरतो, सूर सोडतो. भयपटांच्या किंकाळ्यांत आणि संगीतात त्याच जातीचे आवाज वापरलेले त्याला आढळले. 'सायको'साठी (1960) बर्नार्ड हरमनने फक्त तंतुवाद्यं घेतली आणि स्नानगृहात ती किंचाळवली, तेही याच घरातलं. हिचकॉकला त्या प्रसंगात आधी संगीतच नको होतं. खरवडलेला घसा ठेवला.

4:15

नटांचं पॅकअप. आता माझी पाळी: वाइल्ड ट्रॅक. सेटवरचं जातं पीओपीचं आहे, त्यामुळे खरं जातं राखणदाराच्या घरून आणलंय आणि सोबत त्याची आई, शाल गुंडाळून. एवढ्या पहाटे त्यांना उठवल्याचं मला अवघड वाटत होतं. त्या म्हणाल्या, दळायची वेळ हीच असायची.

ज्वारी घालून ओढलं तेव्हा भरीव, खालचा आवाज आला. मी म्हटलं, आजी, आता रिकामं फिरवून द्या.

"रिकामं न्हाई फिरवत बाई. दगडाला दगूड खातो. आन् घरालाबी बरं नसतं."

"मग मी फिरवू?"

"तू फिरव. तुझं काय, तू शिणेमावाली."

खुंटा मी धरला, बूमवाल्याने रेकॉर्डर. रिकाम्या तळ्यांचा आवाज वर चढतो, कोरडा होतो, प्रत्येक फेऱ्यात एका जागी दात लागल्यासारखा अडकतो. बाई बिछान्यात ऐकेल तो हा आवाज हवा. भरलेल्या जात्याचा नको. तरुण प्रेक्षकाला फरक कळणार नाही, त्याला नुसतं कानाला टोचेल. त्याच्या आजीला कळेल, आणि मग भोवती पडलेलं पीठ बघून तिला प्रश्न पडेल की दाणाच नव्हता तर हे आलं कुठून.

मग तोच आवाज लांबून: जातं माजघरात, माइक सुनेच्या खोलीत, मधली दारं उघडी. जवळून घेऊन व्हॉल्यूम कमी केला की नुसता बारीक आवाज मिळतो, लांबचा मिळत नाही. लांबच्या आवाजात वाटेतल्या भिंतीही वाजत असतात. 'महल'च्या (1949) त्या प्रसिद्ध गाण्यासाठी लता मंगेशकरांना माइकपासून दूर उभं करून गात गात जवळ यायला लावलं होतं. जोसेफ विर्शिंगचा काळापांढरा कॅमेरा आणि खोलीच्या टोकाकडून चालत आलेला तो आवाज, यंत्रं तुटपुंजी असताना. आमच्याकडे आता प्लगइन आहेत आणि लोक आळशी झालेत.

5:20

देवळात काकडा सुरू झाला, आता काही रेकॉर्ड होणार नाही. चौकातला चंद्र खाली उतरवला, काळे कपडे निघाले, वाडा पुन्हा पांढरा. कार्डाच्या दोन कॉपी केल्या आणि साउंड रिपोर्ट भरायला बसले. मास्टर शॉटच्या रकान्यात लिहिलं: 'शेवटून दुसरा टेक, चित्र एनजी, आवाज घ्यावा. किडे थांबतात तिथे काही भरू नये. संगीतही नाही.' खाली दोन रेघा ओढल्या.

दिग्दर्शकाने चहा पिता पिता वाचलं. "ताई, आणि माझी धाड्?"

"ओके टेकच्या चित्राखाली हा आवाज लावून बघ. मग सांग कुठे बसवतोस ती."

"एडिटला बघू," म्हणाला, आणि रिपोर्टवर सही केली.